आग्या मोहोळ : बिनहुकुमाचा कारभार

पांढरकवड्याहून हैदराबादकडे निघालेला महामार्ग पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. नदीच्या अलीकडे जी काळी जमीन, जो कापूस आणि जी तूर, तीच पलीकडेही. बेला, जैनद, तामसी या मंडळांत मराठी घराघरांत बोलली जाते. बाजारात तिच्या जोडीला तेलुगू आणि गोंडी असते. पुढे उटनूर-इंद्रवेल्लीच्या अंगाला जमीन चढू लागते, शेते विरळ होतात आणि सागाचे, ऐनाचे, मोहाचे जंगल लागते. पावसाळा सरून हवा कोरडी झाली, की अशा जंगलांतल्या उंच झाडांच्या आडव्या फांद्यांखाली, कड्यांच्या कपारींत आणि कधी कधी गावातल्या पाण्याच्या टाक्यांनाही काळसर अर्धवर्तुळे लटकलेली दिसू लागतात. ही आग्या मोहोळे.

आग्याचे नाव निघाले की माणसे आधी पळापळीच्या गोष्टी सांगतात. त्या खोट्या नसतात. पण त्या अर्धवर्तुळात काय चालले आहे, हे त्याहून नवलाचे आहे. मोठ्या मोहोळात पन्नास हजारांहून अधिक माश्या असतात. कोणी अळ्यांना भरवते, कोणी मेण काढते, कोणी पहारा देते, कोणी दूरवरच्या पळसावर जाऊन मकरंद आणते. कामे चुकत नाहीत, फारशी खोळंबतही नाहीत. आणि तरी ही कामे वाटून देणारे तिथे कोणीच नाही. हा कारभार चालतो कसा, हे समजले तर मध काढताना सुरी नेमकी कुठे चालवावी आणि शेतात फवारणी केव्हा टाळावी, हेही आपोआप समजते.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. मधमाश्यांवरचे बहुतेक प्रयोग युरोपीय मेलिफेरा माशीवर झाले आहेत, कारण ती पेटीत मुकाट राहते. आपल्याकडची सातेरी माशीही झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत राहते आणि एकमेकींना समांतर अशी अनेक पोळी बांधते. इवली फुलोरी झुडपातल्या काटकीभोवती तळहाताएवढे एकच पोळे करते. आग्या मात्र उघड्यावर, उंचावर, एकच भलेमोठे पोळे लटकवते. ते दीड मीटरपर्यंत रुंद होऊ शकते. ती पेटीत राहत नाही. मधमाश्यांच्या समाजाचे मूळ नियम या सगळ्या जातींत सारखेच आहेत. उघड्यावर राहण्यापायी आग्याने त्यांत स्वतःची जी भर घातली आहे, ती पुढे येईलच.

राणी कशाची

मोहोळात तीन प्रकारचे जीव असतात. राणी एक. नर काही शे, तेही हंगामापुरते. बाकी सगळ्या कामकरी माश्या. राणी आणि कामकरी दोघी माद्याच, आणि दोघी अगदी सारख्याच अंड्यांतून निघतात. फरक पडतो तो भरवण्यात. पहिले सुमारे तीन दिवस प्रत्येक अळीला दाई माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून स्रवणारे दुधाळ अन्न मिळते. त्यानंतर कामकरी व्हायच्या अळीच्या अन्नात मध आणि पराग मिसळले जातात. राणी व्हायच्या अळीला मात्र शेवटपर्यंत ग्रंथींचेच अन्न, तेही भरपूर मिळते. त्यालाच आपण रॉयल जेली म्हणतो. २००८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी मेलिफेराच्या अळ्यांमधले एकच विकर निष्प्रभ केले. जनुके चालू-बंद ठेवण्याच्या कामातले हे विकर दबताच, राणीचा खुराक न मिळताही बहुतेक अळ्यांची वाढ राणीसारखी झाली. म्हणजे राणीपण रक्तात नसते. कोणत्याही मादी अळीत ते असतेच; ते उघडायचे की मिटवायचे, हे भरवणाऱ्या ठरवतात.

मेलिफेराची राणी सोळा दिवसांत कोषाबाहेर येते, कामकरीला एकवीस आणि नराला चोवीस दिवस लागतात. राणी दोन-तीन वर्षे जगते; भर हंगामातली कामकरी जेमतेम सहा आठवडे. राणी दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालू शकते. एवढ्यावरून तिला मोहोळाची मालकीण ठरवायचा मोह माणसाला फार जुना आहे. ॲरिस्टॉटल तिला राजा म्हणत होता. १६०९मध्ये चार्ल्स बटलर या इंग्रज पाद्र्याने आपल्या पुस्तकाच्या नावातच मोहोळाला स्त्रीराज्य म्हटले. त्याच शतकात यान स्वामरडाम या डच अभ्यासकाने चिरफाड करून तिची अंडाशये दाखवली, आणि ती मादी आहे हा वाद मिटला. ‘राज्य’ मात्र शब्दांत तसेच राहिले.

प्रत्यक्षात राणी एकही हुकूम देत नाही. ती देते तो एक गंध. तिच्या जबड्यातल्या ग्रंथींतून स्रवणारे रसायन तिच्या सेवेतल्या माश्या चाटतात आणि स्पर्शाने पुढच्या माश्यांना देतात. त्यातला मुख्य घटक १९६०च्या सुमारास इंग्लंडमध्ये ओळखला गेला. या गंधाचा अर्थ एवढाच, की राणी आहे आणि ठीक आहे. गंध तुटला की काही तासांत मोहोळात अस्वस्थता पसरते. कामकरी माश्या तीन दिवसांच्या आतल्या काही अळ्या निवडतात, त्यांची घरे वाढवून खाली झुकवतात आणि त्यांना राणीचा खुराक सुरू करतात. राणी म्हातारी झाली, अंडी कमी पडू लागली, तरी असेच होते. नवी राणी कधी हवी हे जुनी राणी ठरवत नाही.

कामकरी माश्यांनाही अंडाशये असतात, जरी आक्रसलेली. क्वचित एखादी अंडे घालते. १९८९मध्ये रॅटनिक्स आणि व्हिशर या संशोधकांनी दाखवले, की अशी अंडी दुसऱ्या कामकरी माश्या शोधून खाऊन टाकतात. राणीच्या अंड्यांना त्या हात लावत नाहीत. शिस्त आहे, पण ती वरून येत नाही. सगळ्याजणी एकमेकींवर नजर ठेवून असतात.

नराचा संध्याकाळचा फेरा

नर अफलित अंड्यातून जन्मतो. सायलेशियातले पाद्री आणि मधपाळ योहान झेर्झोन यांनी हे १८४५मध्ये मांडले, तेव्हा विद्वानांनी ते हसण्यावारी नेले होते. पुढे ते खरे ठरले. त्यामुळे नराला आई असते, बाप नसतो. त्याला नांगीही नसते, कारण नांगी हा मूळच्या अंडी घालण्याच्या अवयवाचाच बदललेला प्रकार आहे. तो पराग आणत नाही, मेण काढत नाही. त्याचे काम एकच: हवेत उडून दुसऱ्या मोहोळाच्या राणीशी समागम करणे. तो झाला की नर तिथेच मरतो. अन्नाचा तुटवडा पडला की कामकरी माश्या उरलेल्या नरांना भरवणे थांबवतात आणि पोळ्याबाहेर काढतात.

आदिलाबादसारख्या जंगलात आग्या, सातेरी आणि फुलोरी जवळजवळ नांदतात. मग नरांचा गोंधळ होत नाही का? याचे उत्तर १९७०च्या दशकात श्रीलंकेत मिळाले. तिथे निकोलाउस कोनिगर आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिन्ही जातींच्या नरांच्या उड्डाणाच्या वेळा टिपल्या. फुलोरीचे नर दुपारी लवकर बाहेर पडतात, सातेरीचे उन्हे कलल्यावर, आणि आग्याचे सूर्य मावळल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात. आकाश एकच, पण वेळ वाटून घेतलेली.

आग्याची राणी या बाबतीत आणखी पुढे जाते. मेलिफेराची राणी सरासरी डझन-दीड डझन नरांशी समागम करते. आग्याची राणी त्याच्या कितीतरी पट. जनुकीय तपासणीत काही राण्यांच्या लेकींचे बाप शंभराच्या आसपास निघाले आहेत. म्हणजे एका मोहोळातल्या कामकरी माश्या एका आईच्या, पण डझनावारी बापांच्या लेकी. हा तपशील लक्षात ठेवावा. कामांची वाटणी कशी होते याचा एक धागा त्यातूनच निघतो.

काम वयाचे, पण वयाला बांधलेले नव्हे

१९२५मध्ये ग. आ. रोश या जर्मन संशोधकाने माश्यांवर खुणा करून त्यांचे आयुष्य दिवसागणिक पाहिले. पहिले दोन-तीन दिवस नवी कामकरी रिकामी घरे चाटून साफ करते. त्यानंतर साधारण बाराव्या दिवसापर्यंत ती दाई असते; डोक्यातल्या ग्रंथी तेव्हा भरात असतात आणि ती अळ्यांना भरवते. मग त्या ग्रंथी आटतात आणि पोटाखालच्या मेणाच्या ग्रंथी जाग्या होतात. आता ती घरे बांधते, बाहेरून आलेला मकरंद उतरवून घेते, त्यातले पाणी उडवून मध पक्का करते, मेलेल्या माश्या बाहेर टाकते. अठराव्या-विसाव्या दिवसाच्या सुमारास काहीजणी पहाऱ्यावर येतात. तीन आठवड्यांनंतर उरलेले आयुष्य बाहेरच्या फेऱ्यांत जाते: मकरंद, पराग, पाणी. बाहेरचे काम सर्वांत धोक्याचे, म्हणून ते सर्वांत शेवटी. ज्या माशीचे थोडेच दिवस उरले आहेत, तीच जोखीम घेते.

हे वेळापत्रक मेलिफेराचे आहे. जातीनुसार आणि हंगामानुसार ते थोडे मागेपुढे होते. वेळापत्रकाहून अधिक महत्त्वाचे आहे ते त्याचे लवचीक असणे. रोशने पुढे एक मोहोळ असे फोडले, की एका भागात फक्त तरुण माश्या राहिल्या आणि दुसऱ्यात फक्त वयस्क. तरुणांतल्या काही आठवड्याभराच्या माश्या वेळेआधीच बाहेर पडू लागल्या. वयस्क भागात बाहेरचे काम करणाऱ्या काही माश्यांच्या आटलेल्या ग्रंथी पुन्हा भरल्या आणि त्या अळ्यांना भरवू लागल्या. वय कामाकडे ढकलते, पण गरज पडली तर माशी मागेही फिरते.

मग गरज तिला कळते कशी? याचा सुंदर मागोवा मार्टिन लिंडाउअर यांनी १९५२मध्ये घेतला. काचेच्या पेटीतल्या १०७ क्रमांकाच्या एका माशीवर ते २४ दिवस मिळून पावणेदोनशे तासांहून अधिक नजर ठेवून होते. या माशीने जवळजवळ ४० टक्के वेळ काहीच केले नाही. आणखी सुमारे ३० टक्के वेळ ती पोळ्यावर नुसती फिरत राहिली. घरात डोके घाल, बाहेर काढ, पुढे चाल. कामसूपणाचा आदर्श म्हणून आपण पोरांना जिचे नाव सांगतो, तिची ही हजेरी! पण ते फिरणे म्हणजेच कामाचा शोध होता. चालता चालता जे काम समोर येईल ते ती करत होती. आणि रिकाम्या बसलेल्या माश्या म्हणजे मोहोळाचे राखीव बळ. अचानक फुलोरा आला किंवा संकट आले, की त्याच उठतात.

आता बापांचा धागा. एकाच कामाची निकड प्रत्येक माशीला सारखी जाणवत नाही. पोळे थोडे तापताच एक पंख मारू लागते, दुसरीला ते बरेच तापेपर्यंत काही वाटत नाही. २००४मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात दिसले, की अनेक बापांच्या लेकी असलेल्या मोहोळात पिलाव्याचे, म्हणजे अंडी-अळ्या-कोषांच्या भागाचे, तापमान अधिक स्थिर राहते. सगळ्या एकाच बापाच्या असल्या तर ते अधिक वर-खाली होते. सगळ्या एकदम उठल्या तर पोळे गार पडते, सगळ्या एकदम थांबल्या तर पुन्हा तापते. काहीजणी लवकर आणि काहीजणी उशिरा उठल्या, की काम आपसूक जितके हवे तितकेच होते. वाटप करणारा लागत नाही, कारण वाटप जन्मतःच झालेले असते.

जिवंत भिंत

आदिलाबादचे हवामान दोन्ही टोकांचे आहे. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांना जातो; हिवाळ्यात तेलंगणातल्या सर्वांत थंड जागांच्या यादीत हा जिल्हा असतो आणि रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. ढोलीतल्या सातेरीला लाकडाच्या भिंती आहेत. आग्याला भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. तिने माश्यांचीच भिंत केली आहे.

आपल्याला जे काळे अर्धवर्तुळ दिसते ते पोळे नव्हेच. तो एकमेकींना धरून लटकलेल्या माश्यांचा पडदा असतो. पोळे त्याच्या आत. गोधडीला थरावर थर असावेत तसे या पडद्यात माश्यांचे कित्येक थर असतात, आणि मोहोळातल्या बहुतांश कामकरी माश्या कोणत्याही क्षणी त्यातच असतात. कोवळ्या माश्या आत, पिलाव्याला लागून. जाणत्या बाहेरच्या थरांत, डोके वर आणि पोट खाली करून. थंडीत पडदा आवळतो. उन्हात सैलावतो, काही माश्या पंखांनी वारा घालतात, काही पाणी आणतात. सातेरीची माशी रिकामी बसली तर ती खरेच रिकामी असते. आग्याची माशी नुसती लटकली तरी ती घराची भिंत असते. काहीच न करणे हेही इथे काम आहे.

पडद्याच्या खालच्या अंगाला एक जागा कायम हलती असते. बाहेरून आलेल्या माश्या तिथेच उतरतात, तिथूनच जातात, तिथेच नाचतात. अभ्यासक तिला मोहोळाचे तोंड म्हणतात. बाकीचा पडदा शांत असतो, जोवर एखादी गांधीलमाशी जवळ येत नाही. ती आली की एका ठिकाणच्या माश्या पोटे झटकन वर उचलतात, शेजारच्या तेच करतात, आणि क्षणार्धात सगळ्या पडद्यावरून चमकती लहर धावते. लहरीमागून लहर. ऑस्ट्रियाच्या गेराल्ड कास्टबर्गर यांच्या गटाने नेपाळमधल्या आग्या मोहोळांचे चित्रण करून २००८मध्ये दाखवले, की या लहरींनी गांधीलमाशी खरोखर मागे हटते. एकही माशी न गमावता झालेला हा बचाव आहे.

मोठ्या शत्रूसमोर, म्हणजे पोळ्यावर झडप घालणाऱ्या मधाळी गरुडासमोर किंवा दगड मारणाऱ्या माणसासमोर, दुसरा उपाय सुरू होतो. डंख मारणाऱ्या माशीची काटेरी नांगी कातडीत अडकून तुटते आणि माशी मरते. पण नांगीबरोबर धोक्याचा गंध सुटतो. आग्याच्या या गंधात असा एक घटक आहे जो चटकन उडून जात नाही, म्हणून तिचा पाठलाग लांबतो. अशा वेळी हात झटकत उभे राहू नये आणि पाण्यात उडीही मारू नये. तोंड झाकून सरळ पळावे आणि दार लावता येईल अशा घरात किंवा गाडीत शिरावे.

उष्णतेपायी आग्याची आणखी एक सवय आहे. दिवसातून कधीतरी हजारो माश्या एकदम उडतात, उंच जाऊन विष्ठा टाकतात आणि परततात. खाली पानांवर पिवळे ठिपके पडतात. अंगातली उष्णता कमी करण्याचा हा मार्ग असावा, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. या ठिपक्यांनी एकदा जगाचे राजकारण तापवले होते. १९८१मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी आरोप केला, की आग्नेय आशियात सोव्हिएत पाठिंब्याने विषारी रसायने फवारली जात आहेत. निर्वासितांनी ‘पिवळा पाऊस’ पाहिला होता. मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली १९८४मध्ये थायलंडच्या जंगलात गेले. त्या पिवळ्या ठिपक्यांत त्यांना परागकण सापडले. तो पाऊस आग्या माश्यांचा होता.

बातमी सगळ्यांची, निर्णयही सगळ्यांचा

बाहेर फुलोरा कुठे आहे याची बातमी नाचातून पसरते. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडले आणि त्यांना १९७३चे नोबेल मिळाले. माशी पोट थरथरवत सरळ रेघेत धावते, वळून परत येते, पुन्हा धावते. धावेची दिशा सूर्याच्या संदर्भाने फुलांची दिशा सांगते. धाव जितकी लांब तितके अंतर अधिक. फ्रिश यांचे शिष्य लिंडाउअर १९५०च्या दशकात श्रीलंकेत आले आणि आशियाई माश्याही याच रीतीने नाचतात हे त्यांनी पाहिले. आग्या तर चांदण्या रात्रीही मकरंदाला बाहेर पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर, मग कडुनिंब, जांभूळ, करंज असा जंगलाचा फुलोरा पुढे सरकतो, तसे नाचांचे कोनही बदलतात.

कोणती बातमी महत्त्वाची हेही कोणी ठरवत नाही. चांगल्या जागेहून आलेली माशी अधिक वेळ नाचते, म्हणून अधिकजणी तिथे जातात, आणि त्याही परतून नाचतात. सुमार जागेची बातमी आपोआप विरते. मेलिफेराचा थवा नवे घर निवडताना हीच रीत वापरतो, हे सीली यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले. शोधाला गेलेल्या माश्या वेगवेगळ्या जागांसाठी नाचतात. एखाद्या जागी पुरेशा माश्या जमल्या, की थवा उठतो. राणी त्या निर्णयात नसते. ती थव्याबरोबर जाते, एवढेच.

आग्या दरवर्षी घर सोडते. फुले सरली, पाऊस आला, की मोहोळे उठतात आणि शंभर-दोनशे किलोमीटर दूरही जातात. काही महिन्यांनी पुन्हा येतात. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आसाममधल्या मोहोळांच्या जनुकीय तपासणीत दिसले, की परतणारी मोहोळे आपल्या जुन्याच जागी येतात. म्हणून एखाद्या झाडाला ‘मोहोळाचे झाड’ म्हणून गाव वर्षानुवर्षे ओळखते, ते उगीच नव्हे. ते झाड तोडले तर एक झाड जात नाही. कित्येक मोहोळांचा ठरलेला मुक्काम जातो.

सुरी कुठे चालवावी

आता पोळ्याची रचना पाहू. आग्याच्या एकाच पोळ्यात दोन भाग असतात. फांदीला चिकटलेल्या वरच्या कोपऱ्यात घरे खोल होत जातात, तिथे मध. त्याला लागून परागाचा पट्टा. खालचा मोठा पातळ भाग पिलाव्याचा: अंडी, अळ्या, कोष. पुढच्या तीन आठवड्यांच्या दाया, मेणकरी आणि पहारेकरी त्या खालच्या भागात वाढत असतात.

मध्य भारतातल्या जंगलांत अनेक ठिकाणी मध काढायची जुनी रीत रात्रीची आहे. अंधाऱ्या पक्षात, कारण चांदण्यात माश्या उडतात. पेटता पलिता पोळ्याखाली धरायचा, माश्या हटवायच्या, अख्खे पोळे कापून खाली आणायचे आणि पिळायचे. यात हजारो माश्या भाजतात, पिलावा सगळा जातो, आणि पिळलेल्या मधात अळ्यांचा रस आणि पराग मिसळून तो लवकर आंबतो. मधाची किंमत पडते आणि मोहोळही संपते.

दुसरी रीत वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात डॉ. गोपाल पालीवाल यांनी विदर्भातल्या आदिवासी मधसंकलकांबरोबर रुजवली. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेनेही, जिची स्थापना १९६२ची, अशा संकलनाचे प्रशिक्षण दिले आहे. अंगभर संरक्षक पोशाख, दोर, आग न लावता नुसता धूर. धुराने पडदा एका बाजूला सरकवायचा, मेणाने मिटलेला मधाचा कोपरा तेवढा कापून बादलीत घ्यायचा, पिलावा तसाच राहू द्यायचा. मध पिळायचा नाही. पोळे कापून जाळीवर निथळू द्यायचे. फुलोरा असेल तर माश्या तो कोपरा पुन्हा बांधतात आणि त्याच हंगामात दुसऱ्यांदा मध मिळू शकतो.

हे का जमते, याचे उत्तर वर आलेल्या कारभारात आहे. मधाचा कोपरा ही मोहोळाची साठवण. ती गेली तर बाहेर जाणाऱ्या माश्या अधिक फेऱ्या करून भरून काढतात. पिलावा गेला तर मधल्या वयाची एक अख्खी फळी नाहीशी होते. राणी वाचली तरी तिच्या अंड्यांना भरवणाऱ्या दाया कुठून येणार? मोहोळ अशा वेळी पोळे टाकून निघून जाते. राणी सांभाळली म्हणजे मोहोळ सांभाळले, हा समज म्हणूनच अपुरा आहे. सांभाळायची असते ती सगळ्या वयांची साखळी.

आदिलाबादच्या गोंड-कोलाम वस्त्यांना हे अर्थकारणही आहे. मध हे गौण वनोपज. २००६च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला आहे. १९५६मध्ये विशाखापट्टणमला सुरू झालेले गिरिजन सहकारी महामंडळ आणि राज्य वेगळे झाल्यावरचे तेलंगणाचे महामंडळ हा मध विकत घेत आली आहेत. स्वच्छ, पक्व मधाला भाव मिळाला, तरच पोळे अर्धे ठेवून येणे संकलकाला परवडते.

साखळी तुटण्याचा दुसरा धोका जंगलाबाहेर, कापसात आहे. आग्या आणि फुलोरी कापसाच्या फुलांवर येतात. फवारणी सकाळी, फुले उघडी असताना झाली, तर मरतात त्या बाहेर आलेल्या वयस्क माश्या. वरवर पाहता नुकसान थोडे, कारण त्यांचे दिवस तसेही भरत आलेले. पण मोहोळ रिकामी जागा भरते, आणि ती वेळेआधी बाहेर पडलेल्या कोवळ्या माश्यांनी भरते. २०१५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले, की अशा कोवळ्या माश्या कमी फेऱ्या करतात आणि लवकर मरतात. त्यांच्या जागी आणखी कोवळ्या जातात आणि मोहोळ वेगाने ढासळते. गरजेप्रमाणे काम बदलण्याचा जो गुण मोहोळाला तारतो, तोच अशा वेळी त्याला बुडवतो. म्हणून फुलोऱ्यात शक्यतो फवारू नये. फवारायचेच असेल तर दिवस मावळता, माश्या कापसावरून परतल्यावर फवारावे आणि माश्यांना कमी घातक औषध निवडावे.

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या शेतकऱ्याला आणि मध काढणाऱ्याला मिळून एवढे दोन नियम पाळता येण्यासारखे आहेत: झाडावर पिलावा कापू नये, शेतात फुलांवर औषध मारू नये. पहिल्याने मोहोळाच्या कोवळ्या माश्या वाचतात, दुसऱ्याने जाणत्या. ज्या समाजात हुकूम देणारे कोणी नाही, तिथे प्रत्येक वयाची माशी आपल्या जागी असणे हाच कारभार आहे.